लोगो दिसतो, विंडोज आलं की पडदा काळा: जुना व्हीजीए मॉनिटर नव्या पीसीला जोडताना

"पीसी चालू केला की कंपनीचा लोगो दिसतो, गोल फिरणारे ठिपके दिसतात, आणि लॉगिन यायच्या नेमक्या वेळी मॉनिटर काळा पडतो." जुना सीआरटी (काचेच्या नळीचा जाडजूड मॉनिटर) किंवा चौकोनी एलसीडी, म्हणजे व्हीजीए या जुन्या १५ पिनी जोडणीचा मॉनिटर, नव्या पीसीला लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. कधी काळ्या पडद्यावर 'आउट ऑफ रेंज'ची छोटी चौकट फिरत राहते, कधी नुसताच समोरचा दिवा हिरव्याचा नारिंगी होतो. बंद करून चालू केला की पुन्हा लोगो, पुन्हा अंधार. एकदा कसंबसं जमलं तरी पुढच्या ड्रायव्हर अपडेटनंतर पहिले पाढे पंचावन्न.

या टप्प्यावर कोणीतरी "मॉनिटर गेलाय, नवा घ्या" असं सांगतं आणि चालता मॉनिटर भंगारात जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या मॉनिटरवर लोगो स्वच्छ दिसतो तो गेलेला नसतो. नळी, पॉवर सप्लाय, केबलमधल्या चित्र नेणाऱ्या तारा, मधला कन्व्हर्टर (नव्या पीसीचा सिग्नल व्हीजीएत बदलणारा छोटा डबा) सगळं शाबूत असल्याचा लोगो हाच पुरावा. अडलेलं असतं ते वेगळ्याच ठिकाणी. हा मॉनिटर काय दाखवू शकतो हे विंडोजला कोणी सांगितलेलं नसतं, किंवा चुकीचं सांगितलेलं असतं. म्हणून विंडोज त्याला न झेपणारं चित्र पाठवतं.

आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणलं तेव्हा मॉनिटर आणि संगणक यांच्यात बोलणं जवळपास नव्हतंच. १५ पिनांपैकी १, २ आणि ३ वर लाल, हिरवा आणि निळा, १३ आणि १४ वर आडवा-उभा सिंक (ओळ आणि चित्र कधी सुरू होतं हे सांगणारा इशारा), आणि मॉनिटर रंगीत की एकरंगी एवढं ओळखायला दोन-तीन पिना. संगणक पाठवेल ते मॉनिटरने मुकाट घ्यायचं. १९९४ मध्ये डीडीसी ही पद्धत आली. त्यात १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून मॉनिटर आपली माहिती संगणकाला वाचू देतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मूळ गठ्ठा १२८ बाइट्सचा: कोणत्या कंपनीचा, कोणतं रिझोल्यूशन चालतं, किती वारंवारिता झेपते. त्याआधीचे मॉनिटर मुकेच आहेत. नंतरच्यांपैकीही काहींच्या केबलमध्ये १२ आणि १५ या पिनाच नसतात, किंवा इतक्या वर्षांत वाकून-तुटून गेलेल्या असतात. चित्र येतं, माहिती येत नाही. केबलचं टोक उजेडात धरून आधी या दोन पिना बघा. एक सोडून द्या: ९ क्रमांकाची पिन मुळातच नसलेल्या केबली पुष्कळ असतात, तो बिघाड नव्हे.

आता मध्ये एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर आला. त्याला मॉनिटरकडून उत्तर मिळालं नाही तर तो गप्प बसत नाही. बहुतेक स्वस्त कन्व्हर्टर अशा वेळी स्वतःजवळचा ठरावीक ईडीआयडी पुढे करतात, आणि त्यात लिहिलेलं असतं १९२० × १०८०, ६० हर्ट्झ. काही तर मॉनिटरला विचारतसुद्धा नाहीत, सगळ्यांसाठी हेच एक उत्तर. पीसी सुरू होताना फर्मवेअर (बोर्डावरचा, विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम) सहसा साधा, कमी रिझोल्यूशनचा मोड वापरतं, म्हणून लोगो दिसतो. ग्राफिक्स ड्रायव्हर उठला की तो कन्व्हर्टरच्या शब्दावर विश्वास ठेवून फुल एचडी पाठवतो. (काही बोर्डांवर फर्मवेअरही तेच ऐकतं आणि मग लोगोसुद्धा दिसत नाही. कारण तेच, उपायही तोच.)

पट्टीवरचा आकडा

मॉनिटरच्या पाठीवरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये आडव्या वारंवारितेचा, म्हणजे सेकंदाला किती ओळी काढता येतात त्याचा, पल्ला लिहिलेला असतो. माझ्या टेबलावर सध्या असलेल्या १५ इंची सीआरटीवर तो ३० ते ५४ किलोहर्ट्झ आहे. सगळं गणित या ५४ भोवती फिरतं, आणि ते अगदी सोपं आहे: चित्रातल्या एकूण ओळी गुणिले सेकंदाला किती वेळा चित्र काढायचं. एकूण ओळींत न दिसणाऱ्या ओळीही धरायच्या. १०२४ × ७६८ ला एकूण ८०६ ओळी लागतात. ६० ने गुणलं की ४८,३६०, म्हणजे ४८.४ किलोहर्ट्झ. ५४ च्या आत, चालेल. तेच ७० हर्ट्झला नेलं की ५६.४ होतं आणि हा मॉनिटर हात वर करतो. ८०० × ६०० मात्र ८५ हर्ट्झलाही ५३.७ वर येतं, अगदी काठावर पण आत. फुल एचडीच्या एकूण ओळी ११२५. गुणिले ६० म्हणजे ६७.५ किलोहर्ट्झ. ५४ वाल्याने ते नाकारलं यात त्याचा काहीच दोष नाही.

१७ इंची सीआरटीचा वरचा आकडा बरेचदा ७० असतो. तिथे ६७.५ बसतं! म्हणून त्याच कन्व्हर्टरवर शेजाऱ्याचा १७ इंची चालतो, फक्त चित्र उभं ताणलेलं आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात, आणि तुमचा १५ इंची काळा पडतो. दोघांची तुलना करून "कन्व्हर्टर चांगला आहे, म्हणजे तुझा मॉनिटरच खराब" असा निष्कर्ष निघतो, तो साफ चुकीचा आहे.

दिव्याकडे लक्ष द्या. पडदा काळा पण दिवा हिरवा आणि 'आउट ऑफ रेंज' किंवा 'सिंक'बद्दलचा काही संदेश असेल तर सिग्नल पोचतोय, फक्त पल्ल्याबाहेरचा आहे. या लेखातला मुख्य उपाय तुमच्यासाठी आहे. दिवा नारिंगी झाला किंवा मिचकायला लागला तर सिंकच पोचत नाही. तिथे आधी पोर्ट आणि कन्व्हर्टर तपासा.

पोर्ट आणि कन्व्हर्टर

नव्या ग्राफिक्स कार्डांत ॲनालॉग सिग्नल तयार करणारा भागच उरलेला नाही. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून तो काढला, एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून, आणि इंटेलच्या प्रोसेसरमधून तो २०१५ च्या सहाव्या पिढीत गेला. त्यामुळे कार्डावर डीव्हीआय पोर्ट दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. त्यातल्या आडव्या पट्टीच्या भोवती चार छिद्रं असतील तरच त्यातून ॲनालॉग निघतं आणि साधा, चिप नसलेला ॲडॅप्टर चालतो. ती चार छिद्रं नसतील तर तो ॲडॅप्टर बसणारच नाही, आणि पिना मोडून बसवला तरी चित्र येणार नाही.

एचडीएमआयचं एक टोक आणि व्हीजीएचं दुसरं, मध्ये नुसती तार, अशी केबल बाजारात सर्रास मिळते. ती तुमच्या कामाची नाही. डिजिटलचं ॲनालॉग करायला चिप लागते आणि चिपला वीज लागते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्यायला गेलात तर "केबल द्या" म्हणू नका, "ॲक्टिव्ह कन्व्हर्टर द्या" म्हणा, आणि त्याला बाहेरून वीज द्यायला यूएसबीचं छोटं छिद्र आहे का ते बघून घ्या. एचडीएमआय पोर्टाने ५ व्होल्टवर किमान ५५ मिलिॲम्पिअर एवढंच द्यायचं बंधन आहे, आणि कन्व्हर्टर त्याहून जास्त ओढू शकतो. काही पोर्ट उदारपणे देतात, काही नाही. चित्र दर काही मिनिटांनी जाऊन परत येत असेल, किंवा स्लीपमधून उठल्यावर येतच नसेल, तर आधी ही यूएसबी वीज जोडून पाहा.

पीसीला डिस्प्लेपोर्ट असेल तर मी डोळे झाकून डिस्प्लेपोर्ट-व्हीजीए कन्व्हर्टर घ्यायला सांगेन. तिथे ३.३ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत वीज मिळते, त्यामुळे निम्मी कटकट तिथेच संपते. शिवाय मॉनिटरचा खरा ईडीआयडी जसाच्या तसा पुढे देण्यात हे कन्व्हर्टर मला जास्त भरवशाचे वाटले आहेत.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त मदरबोर्डांवर आजही निळा व्हीजीए पोर्ट असतो, आणि तो सर्वांत सोयीचा. बोर्ड बनवणाऱ्यांनी कन्व्हर्टरची चिप बोर्डावरच बसवलेली असते. पण तो चालायला प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, किंवा रायझन ५६०० सारखा 'जी' नसलेला प्रोसेसर असेल, तर तो पोर्ट निव्वळ शोभेचा. वेगळं कार्ड लावलेलं असेल तर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं ग्राफिक्स चालू ठेवावं लागतं, नाहीतर ते आपोआप बंद होतं.

मुख्य उपाय

काळ्या पडद्यावर सेटिंग बदलता येत नाही, म्हणून आधी दुसरा पडदा लावा. घरातला टीव्ही दुसऱ्या एचडीएमआय पोर्टाला जोडला की काम झालं. तेही शक्य नसेल तर विंडोजची कमी रिझोल्यूशनची वाट आहे: विंडोज सुरू होत असताना पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा मध्येच बंद केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तो फर्मवेअरच्याच मोडमध्ये चालतो, म्हणून जुन्या मॉनिटरवरही दिसतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ३ चं बटण. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची किल्ली मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका, टीव्ही मागून आणा.

चित्र दिसायला लागलं की सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या पानावर जा आणि वर जुना मॉनिटर निवडा. इथे दोन ओळी असतात आणि बहुतेकांची फसगत याच ठिकाणी होते. एक ओळ डेस्कटॉप मोडची, दुसरी ॲक्टिव्ह सिग्नल मोडची. तुम्ही नेहमीच्या यादीतून १०२४ × ७६८ निवडता, पहिल्या ओळीत १०२४ × ७६८ येतं, आणि दुसरीत १९२० × १०८० तसंच राहतं. म्हणजे विंडोजने डेस्कटॉप लहान केला, पण ग्राफिक्स कार्डाने तो ताणून पुन्हा फुल एचडी करूनच तारेतून पाठवला. मॉनिटरच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. "मी रिझोल्यूशन कमी करून बघितलं, तरी काळाच" असं म्हणणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं.

त्याच पानावर डिस्प्ले ॲडॅप्टर प्रॉपर्टीज उघडा आणि लिस्ट ऑल मोड्स दाबा. या यादीतून निवडलेला मोड थेट सिग्नलला लागू होतो. १०२४ × ७६८, ट्रू कलर, ६० हर्ट्झ निवडा, लागू करा आणि परत येऊन दुसरी ओळ बघा. तिथेही १०२४ × ७६८ दिसलं की जुन्या मॉनिटरवर चित्र यायलाच हवं. सीआरटी असेल तर रिले 'टक' करून बदलल्याचा आवाजही ऐकू येतो.

ड्रायव्हर अपडेट, स्लीप किंवा केबल काढ-घाल झाली की हे सेटिंग पुसलं जाऊ शकतं. समस्या पुन्हा पुन्हा येते ती म्हणूनच, आणि यासाठी मुळाशी, म्हणजे ईडीआयडीलाच हात घालावा लागतो. कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी हे छोटं मोफत साधन हेच करतं. ते कन्व्हर्टरच्या ईडीआयडीऐवजी तुम्ही बनवलेला ईडीआयडी विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवतं, आणि ड्रायव्हर तोच खरा मानतो. वरच्या यादीतून आपला मॉनिटर निवडा. डिटेल्ड रिझोल्यूशनच्या चौकटीतला १९२० × १०८० काढून टाका आणि तिथे १०२४ × ७६८, ६० हर्ट्झ भरा. या यादीत पहिला जो असतो तोच मॉनिटरचा मूळ मोड समजला जातो. स्टँडर्ड रिझोल्यूशनच्या यादीत पट्टीवरच्या वरच्या आकड्याच्या (माझ्याकडे ५४ किलोहर्ट्झ) आत बसणारेच ठेवा.

आणि खालचा एक्स्टेन्शन ब्लॉक, म्हणजे ईडीआयडीचा पुरवणी गठ्ठा, काढून टाका. टीव्हीचे मोड तिथेच दडलेले असतात. वरची यादी साफ करूनही १०८० परत उगवतो तो या ब्लॉकमुळे. तो काढल्याने आणखी दोन दुखणी जातात. एक रंगांचं. एचडीएमआयवर टीव्ही आहे असं समजून ड्रायव्हर काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर आणून पाठवतो, कन्व्हर्टर ते ताणून परत ० ते २५५ करत नाही, आणि सगळं चित्र धुरकट राखाडी दिसतं. ब्लॉक नसला की पूर्ण पल्ला जातो. दुसरं आवाजाचं. कन्व्हर्टर जोडल्यावर विंडोज आवाज त्याच्याकडे वळवतं आणि स्पीकर मुके होतात. ब्लॉक गेला की कन्व्हर्टर आवाजाच्या यादीतूनच जातो. कन्व्हर्टरच्या हेडफोन जॅकवर तुमचे स्पीकर असतील तर मात्र ब्लॉक ठेवा आणि त्यातले मोडच तेवढे काढा.

शेवटी सोबतची रीस्टार्टची फाइल चालवा, म्हणजे पीसी बंद न करता ड्रायव्हर नव्याने उठतो. काही बिनसलंच तर रीसेटची फाइल सगळं पूर्ववत करते. एवढं ध्यानात ठेवा की कन्व्हर्टर किंवा पोर्ट बदलला की विंडोजला तो नवा मॉनिटर वाटू शकतो, आणि मग हे पुन्हा करावं लागतं. म्हणून एकदा जमलं की तो कन्व्हर्टर त्या पोर्टाचाच ठेवा.

लिनक्सवाल्यांना हे आणखी सरळ आहे. सुरू होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिल्या जाणाऱ्या ओळीत त्या पोर्टासाठी मोड ठरवून दिला की सुरुवातीपासून तोच राहतो.

चालू करायचा क्रमही महत्त्वाचा आहे: मॉनिटर आधी, पीसी नंतर. बंद मॉनिटरचा ईडीआयडी प्रत्येक वेळी वाचता येतोच असं नाही, आणि वाचता आला नाही की कन्व्हर्टर परत स्वतःचं उत्तर देऊन मोकळा. शिवाय विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने पीसी पूर्ण बंद होत नाही, ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर ठेवून पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रीस्टार्टला तसं होत नाही. "रीस्टार्ट केला की दिसतं, सकाळी चालू केला की दिसत नाही" अशी तक्रार असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा.

चित्र आलं, पण नीट नाही

पांढऱ्याच्या जागी पिवळं दिसत असेल तर निळा येत नाही, पिन ३ बघा. गुलाबी-जांभळं दिसत असेल तर हिरवा गेला, पिन २. हिरवट निळं असेल तर लाल गेला, पिन १. मॉनिटरची केबल त्याच्या पोटातूनच आलेली असेल तर वाकलेली पिन बारीक चिमट्याने हलक्या हाताने सरळ करा, घाई केली तर मुळातून तुटते. अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावली दिसत असेल तर दोन केबली जोडून केलेली लांबण काढून टाका. ही सगळी जोडणी ७५ ओहमची असते, आणि स्वस्त जोडांवर सिग्नलचा काही भाग परतून येतो, तीच ती सावली.

सीआरटीवर ६० हर्ट्झला डोळे दुखतात, विशेषतः पांढऱ्या पानावर. जास्त वेळ काम करायचं असेल तर माझी पसंती १०२४ × ७६८ ऐवजी ८०० × ६०० पण ८५ हर्ट्झ, किंवा ७५ हर्ट्झ. ७५ ला ४६.९ किलोहर्ट्झच लागतात, ५४ वाला ते आरामात घेतो. सीआरटीला एकच एक मूळ रिझोल्यूशन नसतं, त्यामुळे लहान मोडवर चित्र एलसीडीसारखं ओबडधोबड होत नाही. जुने खेळ खेळणारे लोक याच गुणासाठी हे मॉनिटर जपतात, आणि ते बरोबर करतात. चौकोनी एलसीडीचं उलट आहे: १७ इंचीला १२८० × १०२४, ६० हर्ट्झ हाच मोड द्या, नंतर मॉनिटरवरचं ऑटोचं बटण दाबा, अक्षरं कोरल्यासारखी येतील.

कोपऱ्यात रंगाचे डाग दिसले तर मेनूतलं डीगॉस (नळीतलं नको ते चुंबकत्व घालवणारी सोय) एकदा चालवा आणि शेजारचे स्पीकर दूर करा. लगेच पुन्हा पुन्हा दाबू नका, आतला भाग थंड व्हायला वेळ लागतो. मॉनिटर मात्र उघडू नका. रंगीत नळीवर २५,००० व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. माहीतगार माणसाशिवाय तिथे कोणीही हात घालू नये.

एक जात मात्र या सगळ्यातून वगळायला हवी. केबलला १५ ऐवजी ९ पिना असतील तर तो व्हीजीएच्या आधीचा, एमडीए, सीजीए किंवा ईजीए मॉनिटर आहे. सीजीए १५.७ किलोहर्ट्झवर चालतो, एमडीए १८.४ वर, आणि त्यांचा सिग्नलच वेगळ्या प्रकारचा. ९ ते १५ पिनांचा साधा ॲडॅप्टर लावून त्यांना व्हीजीए देऊ नका. 'आउट ऑफ रेंज' सांगून स्वतःला वाचवण्याची सोय त्यांच्यात नाही, आणि एमडीए मॉनिटर चुकीच्या सिंकवर खरोखरच जळू शकतो. तसा मॉनिटर हाती आला तर त्याच काळातलं कार्ड असलेला जुना पीसी शोधा आणि त्यालाच तो जोडा.